हळद, हजारो सायटेशन्स आणि मावशीच्या कॅप्सूल

मावशीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, कॅन्सर उलटू नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. परवा तिने डॉक्टरांना न विचारता कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाच्या, कॅप्सूल सुरू केल्या. कारण काय, तर फॅमिली ग्रुपवर मेसेज आला. तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल: 'भारतीय वंशाचे थोर कॅन्सर संशोधक भारत अग्रवाल यांनी सिद्ध केलंय की हळद कॅन्सर मारते. शेकडो शोधनिबंध, हजारो सायटेशन्स! मिरीसोबत घ्या, 2000 टक्के परिणाम! औषध कंपन्या हे दडपतात. अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं होतं ते उगाच का?'

सायटेशन्स, म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या लेखांत केलेले उल्लेख, हजारोंनी आहेत, मान्य. 1980च्या दशकात जेनेंटेक या अमेरिकन औषध कंपनीत असताना टीएनएफ या प्रथिनावर अग्रवालांनी केलेलं काम भक्कम आहे, हेही मान्य. पण मेसेज लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळलेली गोष्ट अशी की 2016 मध्ये 'बायोकेमिकल फार्माकॉलॉजी' या एकाच जर्नलने त्यांचे 7 पेपर मागे घेतले, त्यातल्या डेटाच्या खरेपणाबद्दल शंका आहे म्हणून. एकूण आकडा पुढे दोन डझनांच्या वर गेला. आणि गंमत बघा, पेपर मागे घेतला तरी त्याला मिळालेली सायटेशन्स पुसली जात नाहीत. 2005 मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढलेल्या एच-इंडेक्सचंही, म्हणजे संशोधकाचं वजन मोजायच्या आकड्याचंही, तेच: 50 पेपरना प्रत्येकी किमान 50 सायटेशन्स असली की इंडेक्स 50. कोणी कौतुकाने उल्लेख केला की 'हे चुकलंय' म्हणून केला, हे तिथे कोणी विचारत नाही. शिवाय इतरांच्या प्रयोगांचा आढावा घेणारे रिव्ह्यू लेख सायटेशन्स भरभरून खेचतात, आणि असे लेख अग्रवालांनी ढिगाने लिहिलेत. नवा एकही पेशंट न तपासता आकडा फुगतो तो असा.

मग हळदीत काहीच नाही का? ज्याला खरंच जाणून घ्यायचंय त्याने 2017 च्या 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'तला कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांचा लेख वाचावा. कर्क्युमिन बशीतल्या पेशींवर परिणाम करताना दिसतं, हे अर्धसत्य. पण ते स्वतःच चमकतं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे चाचणीलाच फसवतं. औषध लागू पडल्यासारखं वाटतं. वर ते टिकत नाही आणि रक्तात जेमतेम पोचतं. 120 हून अधिक क्लिनिकल ट्रायल झाल्या. प्लासिबोशी (औषध नसलेल्या खोट्या गोळीशी) तुलना करणारी एकही डबल-ब्लाइंड ट्रायल, म्हणजे कोणाला काय दिलंय हे पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसतं अशी, यशस्वी ठरली नाही, असं ते स्पष्ट लिहितात. इतक्या ट्रायल होऊ देणारं हे 'दडपणं' मोठं अजब म्हणायचं.

आता मिरी, कारण खरा राग इथे आहे. 2000 टक्क्यांचा आकडा 1998 च्या एका छोट्या अभ्यासातला, आणि तो रक्तात किती कर्क्युमिन उतरलं त्याचा आहे, कॅन्सर किती बरा झाला त्याचा नव्हे. नुसतं कर्क्युमिन दिलं तेव्हा माणसांच्या रक्तात ते जवळपास सापडतच नव्हतं. नगण्याचे वीसपट म्हणजे किती, हिशेब तुम्हीच करा. पण मिरीतलं पायपरीन निरुपद्रवी नाही, इतर औषधं शरीरात कशी हाताळली जातात त्यातही ते ढवळाढवळ करतं. टॅमॉक्सिफेनचं यकृतात एंडॉक्सिफेन होतं, आणि मुख्य काम तेच करतं. रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी 2019 मध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना कर्क्युमिन आणि पायपरीन देऊन पाहिलं, तर रक्तातलं एंडॉक्सिफेन सुमारे 12 टक्क्यांनी घटलं. अभ्यास लहान होता, आणि या घटीने कॅन्सर उलटतो असं त्यात सिद्ध झालेलं नाही. पण ज्या गोळीवर मावशीची मदार, तिचाच जोर कमी करणारी वस्तू 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' म्हणून तिच्या हातात द्यायची? वर हळदीच्या सप्लिमेंटने यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय जर्नलमध्ये आहेत. भाजीतल्या चिमूटभर हळदीबद्दल हे नाही. त्या हळदीत कर्क्युमिन असतं शेकडा दोन-चार टक्के.

राहिलं पेटंट. ते 1995 मध्ये मिळालं होतं जखम भरण्यासाठी, कॅन्सरसाठी नव्हे. माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ-लेख पुढे करून 1997 मध्ये ते रद्द करवलं, कारण ही माहिती आपल्याकडे आधीपासूनच होती.

कॅप्सूलची बाटली मी मावशीच्या फाइलसोबत ठेवली आहे. गुरुवारी ती तिच्या डॉक्टरांच्या टेबलावर जाईल, आणि हा मजकूर आत्ता ग्रुपवर.