पगाराआधी हप्ता मोजा

हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनच्या, म्हणजे रुग्णालय व्यवस्थापनाच्या कोर्सला चांगले दिवस आहेत, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण शैक्षणिक कर्जाचा हिशोब त्यात राहून गेला. माझी पुतणी पुण्यात हा कोर्स करून लातूरला परतली. पहिला पगार १८,००० रुपये. ६ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी १० वर्षांत फेडायचं, तर हप्ता जवळपास ७,९०० येतो. त्यातही, शिकताना हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही! हे आमच्या भावाला कुणी सांगितलंच नव्हतं. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही म्हणून सोयाबीनवर चालणाऱ्या घरातले आईबाप पटकन सही करतात. पोरांनो, प्रवेशाआधी कॉलेजला विचारा, मागच्या बॅचला लातूर-नांदेडात किती पगार मिळाला? मुंबईचा आकडा सांगून भागणार नाही, तिथं अर्धा पगार खोलीभाड्यातच जातो.