सदाफुलीचा रस म्हणजे व्हिंक्रिस्टिन नव्हे

रोज अनशापोटी सदाफुलीची पानं चावून खा, कॅन्सर पळून जातो. औषध कंपन्या याच पानांतून महागडी इंजेक्शनं बनवतात आणि ते लपवतात, असा मेसेज सतत फिरत असतो. पानातली एन्झाइम्स (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) पोटात औषध तयार करतात, अशी पुस्तीही कुणी जोडतं.

व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिंक्रिस्टिन ही कॅन्सरवरची औषधं सदाफुलीतच सापडली आणि तिच्या पानांपासूनच बनतात, एवढं खरं. पुढचं सगळं चूक आणि घातक आहे.

आधी एन्झाइम. स्ट्रिक्टोसिडीन सिंथेज हे एन्झाइम ट्रिप्टामिन आणि सेकोलोगॅनिन हे दोन रेणू जोडून स्ट्रिक्टोसिडीन बनवतं. त्याचं काम तिथेच संपतं. याच स्ट्रिक्टोसिडीनपासून सिंकोनाच्या झाडात मलेरियावरचं क्विनीन बनतं आणि काजऱ्यात जहाल स्ट्रिक्निन. कुठलं अल्कलॉइड (वनस्पतीत बनणारं अशा प्रकारचं नायट्रोजनयुक्त रसायन) होणार हे नंतरची एन्झाइम्स ठरवतात, आणि सदाफुलीत ती पानाच्या वेगवेगळ्या पेशींत विखुरलेली असतात. आपल्या पोटात यातलं काहीच नाही. सेकोलोगॅनिन नाही, आणि गिळलेलं एन्झाइम तर इतर प्रथिनांसारखं पचून जातं.

पान चावल्यावर खरोखर काय होतं ते बघा. स्ट्रिक्टोसिडीन पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या साठवणीच्या पिशवीत, साठवलेलं असतं आणि त्यातली साखर तोडणारं दुसरं एन्झाइम केंद्रकात. पान चिरडलं की दोघं एकत्र येतात, साखर तुटते आणि प्रथिनांना चिकटून त्यांच्या गुठळ्या करणारं संयुग तयार होतं. पानं कुरतडणाऱ्या अळीसाठी झाडाने केलेली ही तजवीज आहे. तिला औषध कसं म्हणायचं?

आता प्रमाण. एक ग्रॅम व्हिंक्रिस्टिनसाठी सुमारे 2000 किलो वाळलेली पानं लागतात. प्रौढ रुग्णाला एका वेळी साधारण 2 मिलिग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे चार किलो सुकी पानं. शिवाय ते शिरेतूनच द्यावं लागतं. व्हिन्ब्लास्टिनचा शोधही हेच दाखवतो. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हे संशोधक कॅनडात ही पानं मधुमेहासाठी तपासत होते. तोंडाने दिलेल्या अर्काने उंदरांच्या रक्तातली साखर हलली नाही. टोचल्यावर मात्र पांढऱ्या पेशी घसरल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. त्यातूनच व्हिन्ब्लास्टिन हाती लागलं.

‘नैसर्गिक, म्हणून अपाय नाही’ हे तर सर्वांत वाईट. व्हिंक्रिस्टिन पेशींचं विभाजन थांबवतं, पण मज्जातंतूंनाही इजा करतं; हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. म्हणून मात्रा मोजून देतात. रसात किती काय आहे, हे कोण मोजणार? केमोथेरपी चालू असताना कुणी हा रस घेत असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, आणि त्याच्या भरवशावर उपचार तर कृपा करून थांबवू नका.

राहता राहिला लपवाछपवीचा आरोप. नोबल-बिअर यांचं संशोधन 1958 सालीच जाहीर झालं. आणि 2022 मध्ये संशोधकांनी सदाफुलीची एन्झाइम्स यीस्टमध्ये बसवून, जवळपास 30 टप्प्यांतून, व्हिन्ब्लास्टिनचे दोन्ही घटक तयार केले. तेही कुणालाही वाचता येईल असं छापून आलं आहे.