घोड्याला पशुवैद्य, पोराला कोण?

2025 च्या ऑगस्टमध्ये दहिसरला दहीहंडीचा सराव करताना 11 वर्षांचा गोविंदा वरून पडला आणि गेला. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यावरून दोन दिवस रणधुमाळी चालली. लालबागचे मामा तरुणपणी पथकात दुसऱ्या थराला खांदा द्यायचे. त्यांचं म्हणणं, पोरं पडतात, उठतात, त्याशिवाय धीट होत नाहीत. कोर्टकचेऱ्या करणाऱ्यांनी सणाची वाट लावली. मावसबहीण त्यांच्यावर तुटून पडली आणि शेवटी तिने हुकमी पत्ता टाकला: "दादा, तुमच्या अमेरिकेत चालेल का रे असलं काही?"

चालतं. अगदी बिनबोभाट चालतं.

मी राहतो त्या कॅलिफोर्नियातल्या फॉल्समपासून ऑबर्न हे गाव गाडीने अर्ध्या तासावर आहे. लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीची ही पंढरी. 1955 साली वेन्डेल रोबी नावाच्या इथल्या गृहस्थाने सिएरा नेवाडाचे डोंगर घोड्यावरून एका दिवसात ओलांडून दाखवले. त्यातून टेव्हिस कप सुरू झाला: 100 मैल, 24 तास, पहाटे सव्वापाचला सुरुवात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला मुदत संपली. अमेरिकेतल्या या खेळाची संघटना, एईआरसी, हिचं मुख्यालयही ऑबर्नलाच. तिच्या मान्यतेच्या राइड्स देशभर होतात, बहुतेक 50 मैलांच्या. म्हणजे 80 किलोमीटर, 12 तासांच्या आत.

या संघटनेच्या नियमांत घोड्याचं किमान वय आहे. 50 मैल किंवा जास्त पळायचं तर घोडा 60 महिन्यांचा पूर्ण झालेला हवा, कारण त्याच्या पाठीच्या कण्याची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालते. स्वाराचं किमान वय मात्र नाही. 16 वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं आणि राइडभर सोबत 21 वर्षांवरचा एक जबाबदार स्वार हवा, त्याला प्रायोजक म्हणतात, बस्स. सात-आठ वर्षांची मुलं 50 मैल पुरे करतात आणि त्यांचे फोटो कौतुकाने छापले जातात. टेव्हिसवाल्यांनी आपल्यापुरती 12 वर्षांची अट घातली आहे, घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 14 ची. बाकी सगळं आईबापांवर.

उलट आपल्याकडे दहीहंडीला कागदावर नियम कडक. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने 18 वर्षांखालच्यांना बंदी आणि 20 फुटांची मर्यादा घातली, सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये ती सैल करायला नकार दिला, 2017 मध्ये राज्य सरकारने 14 वर्षांखालची मुलं नसतील अशी हमी दिली आणि थरांच्या उंचीचा प्रश्न पुन्हा सरकारकडे गेला. 2022 मध्ये साहसी खेळाचा दर्जाही मिळाला. तेव्हा "परदेशात नियम, आपल्याकडे आनंदीआनंद" ही आम्हा बाहेर राहणाऱ्यांची आवडती तक्रार इथे लागू पडत नाही. 14 चा आकडा मुंबईकडे आहे. पोरगा मुंबईत गेला.

मी इथल्या राइड्सना अधूनमधून नाडी मोजायला जातो. स्वयंसेवकाचं काम, घोड्यावर बसण्याची हिंमत माझ्यात नाही. दर पंधरा-वीस मैलांवर तपासणीचा थांबा असतो. घोडा आला की खोगीर उतरवतात, मानेवर स्पंजने गार पाणी ओततात, आणि मी डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून घड्याळाकडे बघतो. 15 सेकंदांत 15 ठोके, म्हणजे मिनिटाला 60. त्याहून जास्त असले तर घोडा पुढे जात नाही, उभा राहतो. अर्ध्या तासात उतरले नाहीत तर राइड संपली. मग पशुवैद्य बाई येतात. हिरड्या दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघतात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात, कुशीला कान लावून आतडी गुडगुडतात की नाही ऐकतात, आणि शेवटी घोडा दुडक्या चालीने पळवून दाखवायला सांगतात. एका पायात जरा उणं दिसलं की बाद. मालक कितीही नामवंत असो, वाद घालून उपयोग नसतो. बाईंना त्या घोड्याच्या जिंकण्या-हरण्यातून काहीच मिळायचं नसतं.

एकदा चौतीस-पस्तीस मैलांच्या थांब्यावर एक मुलगी आली, नऊ-दहा वर्षांची असेल. घोडा पास झाला. ती चाऱ्याच्या गासडीला टेकून बसली आणि हातातलं सँडविच तोंडापर्यंत न नेताच झोपली. रिकिबीचा पट्टा घासून नडगी सोलवटली होती, मोज्याला रक्त लागलं होतं. थांब्याची वेळ संपत आली तशी प्रायोजक काकूंनी तिला हलवलं, "बरी आहेस ना?" मुलगी म्हणाली, "हो." आणि गेली. दहा वर्षांचं पोर दुसरं काय म्हणणार? शेजारी तिचं कौतुक करायला टपलेले आईवडील, आणि प्रायोजकाच्या नियमाची गोम अशी की पोराला थांबवलं तर त्याचं पुढे काय करायचं हा प्रश्न काकूंपुढे, तेही त्यांना स्वतःला राइड पुरी करायची असताना. तिथे घोड्याचे ठोके मी मोजले होते. मुलीचे कोणी मोजले नाहीत.

तरीही हे आणि दहीहंडी मी एका तागडीत घालणार नाही. मामांना आणि बहिणीला मी जे लांबलचक उत्तर लिहिलं (आणि जे कोणी शेवटपर्यंत वाचलं नसावं) त्याचा गाभा हाच होता. ते पोर वर कशासाठी आहे, ते आधी बघा.

इथे लहान मुलाच्या हलकेपणाचा मोठ्यांना धंदा करता येत नाही. मोठ्यांचे गट वजनावर पाडलेले असतात, मुलांचा गट वेगळा. बक्षीस म्हणजे टी-शर्ट, बादली, फार तर खोगिराखालची गादी. संघटनेचं ब्रीदच आहे की पुरं केलं म्हणजे जिंकलं. आंतरराष्ट्रीय पातळीवर जिथे पैसा आणि मान मोठा, तिथे वरच्या स्पर्धांत स्वार आणि खोगीर मिळून किमान 75 किलो भरावं लागतं. हलका स्वार हा मोह आहे हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तो मोहच निकामी केला.

हंडीत सगळं उलट. वरचं पोर तिथे असतं ते हलकं असतं म्हणूनच. थर जितके जास्त तितकं ते बारकं हवं, आणि बक्षिसाची रक्कम थरांवर. 2025 मध्ये ठाण्यात 10 थर लागले. त्या मनोऱ्याच्या टोकाला 60 किलोचा गडी चढवता येत नाही, हे मामांनाही कळतं. आखातात उंटांच्या शर्यतीत नेमकं हेच झालं होतं. पाकिस्तान, बांगलादेश, सुदानमधली चार-पाच वर्षांची पोरं हलकी म्हणून उंटावर बांधली जायची. अमिरातीने आधी वजनाचे, वयाचे नियम केले, ते वाऱ्यावर उडाले. 2005 मध्ये 18 वर्षांखालच्यांना बंदी आली, उंटाच्या पाठीवर काही किलोंचे यंत्रमानव आले आणि हजाराहून अधिक मुलं युनिसेफच्या मदतीने मायदेशी गेली. शर्यती आजही जोरात आहेत. पोरांच्या हलकेपणाचा उपयोग संपला तेव्हा पोरंही वाचली.

पुणे जिल्ह्यात खेड-मंचरकडच्या बैलगाडा शर्यतींच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, बैलांपुढे घोडी पळते, तिच्यावर कधी कधी मिसरूडही न फुटलेला पोरगा असतो. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा वैध ठरवला, तेव्हा बैलांच्या हालांवर किती तास युक्तिवाद झाला! घोडीवरच्या पोराचं वय मी तरी कुठल्या चर्चेत ऐकलं नाही. आपल्याला जनावराची कणव लवकर येते, हे ऑबर्नइतकंच मंचरलाही खरं आहे.

माझं मत विचाराल तर एईआरसीने 50 मैलांना 12 वर्षांची अट घालावी. इथले जुने लोक चिडतात. आमची मुलं चालायच्या आधी घोड्यावर बसतात, ती 25 मैलांच्या छोट्या राइड्सना कंटाळतात, शहरी माणसांनी शिकवू नये, असं एका आजीबाईंनी मला सुनावलंही. त्यांचा मुद्दा निम्मा खरा आहे. घोड्यावर वाढलेलं नऊ वर्षांचं पोर माझ्यासारख्या पंचेचाळीशीच्या माणसापेक्षा शंभरपट सुरक्षित. पण 400 किलोचं जनावर अंधारात बुजलं तर त्याला आवरायची ताकद आणि "मला आता पुरे" म्हणायची ताकद, या दोन्ही वयानेच येतात. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. म्हणून आकड्याबरोबर थांब्यावर एक माणूस हवा, आईबाप नाही, प्रायोजक नाही, जो पोराला बाजूला घेऊन विचारेल, पाणी प्यायलंय का बघेल, आणि पशुवैद्य बाईंसारखाच कोणाचंही न ऐकता बाद करू शकेल. छोट्या राइड्सना मुलं खुशाल येऊ देत.

हंडीला मात्र असली लवचीकता नको. तिथे हमीपत्र पथकाचं, पथकाला बक्षीस थरांचं आणि वयाचा दाखला तपासणारा आयोजक त्याच थरांच्या जिवावर गर्दी जमवणारा. 14 ची अट सरावालाही लागू हवी, कारण दहिसरचा अपघात सरावातच झाला. आणि बक्षीस थरांच्या संख्येवर देणं बंद करा. वेळेवर द्या, सफाईने उतरण्यावर द्या, कशावरही द्या.

मामांनी एवढंच विचारलं, "मग दहा थर कसे लागणार रे?"

लागणार नाहीत, मामा. सात लागतील, आणि सातव्यावर तुमच्यातलाच एखादा काटकुळा कॉलेजचा पोरगा चढेल.