कपडे पुरे झाले, आता शेजारी बसा

युक्रेनहून आलेल्यांसाठी काय देता येईल, असं इथे जर्मनीतल्या मराठी ग्रुपवर कोणी विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. जॅकेटं, भांडी, खेळणी. २०२२ च्या मार्चमध्ये ते बरोबरच होतं. बर्लिनच्या मुख्य स्टेशनावर बायका-मुलं एकेक बॅग घेऊन उतरत होती आणि लोक जमेल ते घेऊन धावत होते. आज जर्मनीत दहा लाखांहून जास्त युक्रेनियन आहेत, नवे अजून येतच आहेत, आणि त्यांना जॅकेटांपेक्षा जास्त गरज आहे ती एका ओळखीच्या माणसाची. फॉर्म भरताना शेजारी बसणारं, घरमालकाला फोन लावून देणारं आणि पुढच्या आठवड्यातही येणारं माणूस.

हे काम आपल्यासारख्यांना सगळ्यात चांगलं जमेल, असं माझं ठाम मत आहे. इथेच जन्मलेल्या शेजाऱ्याचं मन मोठं असतं, पण आनमेल्डुंगमध्ये, म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीत, अडण्यासारखं काय आहे, हे त्याला कळत नाही. आपल्याला नीट आठवतं. घर नाही म्हणून पत्त्याची नोंद नाही, नोंद नाही म्हणून पुढचं सगळं अडलेलं, आणि शूफाचा (पैसे वेळेवर फेडल्याच्या नोंदीचा) कागद नाही म्हणून घरच मिळत नाही. तरी आपल्यामागे कंपनी होती, पगाराची स्लिप होती. यांच्यामागे काय आहे?

सुरुवात पत्रांपासून करा. आमच्या वरच्या मजल्यावर खार्कीव्हहून आलेली एक आई आणि तिची दोन मुलं राहतात. त्यांच्या पेटीत आठवड्याला जी पाकिटं पडतात, त्यांतलं कुठलं महत्त्वाचं हे ओळखणं हेच मोठं काम आहे. रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचंच घ्या. महिन्याला १८.३६ युरो, बहुधा तीन महिन्यांचे एकदम. जॉबसेंटरचा, म्हणजे काम नसलेल्यांना मदत करणाऱ्या सरकारी कार्यालयाचा, भत्ता असेल तर हे माफ होतं, पण आपोआप नाही. अर्ज करून भत्त्याच्या पत्राची प्रत जोडावी लागते. हे कोणी सांगितलं नाही तर माणूस घाबरून भरत राहतो, किंवा पत्र ड्रॉवरमध्ये टाकतो आणि मग वसुलीची नोटीस येते. मोबाइलवरच्या भाषांतराने शब्द कळतात, पण या पत्राला मुदतीत उत्तर द्यायचं आहे की नुसतं फाइलला लावायचं आहे, ते कळत नाही. तुम्ही ते पाच मिनिटांत सांगू शकता.

घराचं त्याहून अवघड. भाडं जॉबसेंटर देणार असेल तर करारावर सही करण्याआधी त्यांची मंजुरी घ्यावी लागते, आणि भाडं त्या शहराच्या ठरलेल्या मर्यादेत बसावं लागतं. स्टुटगार्टसारख्या ठिकाणी असं घर दोन दिवसही रिकामं राहत नाही. कागद येईपर्यंत दुसऱ्या कोणीतरी किल्ल्या घेतलेल्या असतात. त्यात युरोपीय संघाचं तात्पुरतं संरक्षण सध्या ४ मार्च २०२७ पर्यंतच आहे. ती तारीख पाहून घरमालक कचरतात. इथे तुमचा शब्द उपयोगी पडतो. तुम्ही दहा वर्षं ज्यांच्या घरात भाड्याने राहिलात, त्यांना स्वतः जाऊन सांगा की मी या कुटुंबाला ओळखते, काही अडलं तर मला फोन करा. अनोळखी नावाच्या ईमेलला उत्तर न देणारा माणूस अशा वेळी निदान घर दाखवायला तरी बोलावतो.

आता ते वाक्य, जे मला वारंवार ऐकू येतं. ‘आपण टॅक्स भरायचा आणि हे बसून खाणार.’ मला याचा राग येतो, कारण बोलणाऱ्याला परिस्थिती माहीत नसते. नव्याने आलेल्यांसाठीचा इंटिग्रेशन कोर्स, मुख्यतः जर्मन भाषेचा, साधारण ७०० तासांचा असतो. त्याच्या शेवटी जर्मनची बी-वन पातळी गाठायची असते, आणि नर्सला पुन्हा नर्स म्हणून उभं राहायला त्यावरची बी-टू आणि पदवीची मान्यता, दोन्ही लागतं. नवरा युक्रेनमध्ये, धाकट्याला किटामध्ये (पाळणाघर-बालवाडीत) जागा नाही, मग कोर्सला जायचं कसं? आठवड्यातल्या दोन सकाळी त्या मुलाला तुमच्या घरी ठेवून घ्या. तिचा महिनोन् महिने रखडलेला कोर्स सुरू होईल. किटाच्या रांगेत असतानाच गोवराच्या लसीचा दाखलाही तयार ठेवायला सांगा. त्याशिवाय प्रवेश होत नाही, आणि युक्रेनमधलं लसीकरण कार्ड इथल्या डॉक्टरांना समजावून द्यावं लागतं.

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस युक्रेनने १८ ते २२ वयाच्या मुलग्यांना देश सोडायची परवानगी दिली, तेव्हापासून एकटी मुलंही येत आहेत. अठरा-एकोणीस वर्षांची, कधी घराबाहेर न राहिलेली. त्यांना दया नको, दिशा हवी. आउसबिल्डुंग, म्हणजे काम करता करता मिळणारं व्यवसायशिक्षण, काय असतं, अर्ज कसा करायचा, मुलाखतीत काय विचारतात. आपल्यातले कितीतरी जण वर्कशॉपमध्ये, हॉस्पिटलांत, कारखान्यांत आहेत. आपल्या विभागात जागा आहे का, एवढं विचारून बघायला काय हरकत आहे?

एक विनंती मात्र आहे. युद्धाबद्दल विचारू नका. त्यांना सांगायचं असेल तेव्हा ते सांगतील. रशियन चालेल असंही गृहीत धरू नका. काहींची ती घरची भाषा आहे, काहींना ती आता ऐकवतही नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी देशभर चाचणीचे भोंगे वाजतात, त्याची आदल्या दिवशी आठवण करून द्या. ३१ डिसेंबरच्या फटाक्यांचीही.

मुलांनी युक्रेनियन शिकत राहण्यावर काही लोक नाक मुरडतात. त्यांनी कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवावं. १९४३ पासून तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, सोव्हिएत संघातून सुटून इराणमार्गे आलेले. छावणीत त्यांच्या स्वतःच्या भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होतं. कोल्हापूरकरांनी त्यांना मराठी व्हा असं म्हटलं नाही, आणि त्या आठवणीचं स्मारक आज वॉर्सामध्ये उभं आहे. तेव्हा शनिवारी युक्रेनियन वर्गासाठी तुमच्या मंडळाचा हॉल रिकामा असेल तर द्या, भाडं घेऊ नका.

स्टुटगार्ट आणि आसपास राहणाऱ्यांनो, महिन्यातून एक शनिवार दुपार पत्रं वाचायला बसता येईल का? जर्मन बी-टू असलं तर उत्तम, नसलं तर सोबत मुलं सांभाळायलाही माणसं हवीत. कुठला शनिवार जमेल ते कमेंटमध्ये लिहा, जागेचं मी बघते.