ओळखी मिळतात मतांमुळे, विकल्या जातात कंपन्यांना

एखादा मंत्री किंवा खासदार पद सोडून लॉबिंग कंपनीत, म्हणजे पैसे घेऊन सरकारदरबारी दुसऱ्यांसाठी शब्द टाकणाऱ्या कंपनीत, गेला की बहुतेक लोक म्हणतात, "आता तो साधा नागरिक आहे, पोटापाण्याचं बघणारच ना." मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही, ते आज सविस्तर लिहितो. पोस्ट लांबणार आहे.

कंपनी अशा माणसाला पैसे देते ते नक्की कशाचे? उत्तर ठरलेलं असतं: अनुभवाचे. कायदा कसा तयार होतो, फाइल कुठे अडते, कुठल्या समितीत काय चालतं, हे त्याला ठाऊक असतं. हे ज्ञान विकण्यात गैर काय, असं विचारतात. पण अमेरिकेत याचा थेट हिशोब झालाय. सिनेटरच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहातल्या सदस्याच्या, कार्यालयात नोकरी करून पुढे लॉबिस्ट झालेल्या लोकांच्या कामातून येणाऱ्या उत्पन्नाचा तीन अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं ते असं: ज्या सिनेटरकडे या माणसाने काम केलं होतं, तो सिनेटर पदावरून गेला की हे उत्पन्न सरासरी २४ टक्क्यांनी पडतं. माणूस तोच, अभ्यास तोच, डोक्यातली माहितीही तीच. गेला तो फक्त फोन उचलणारा.

म्हणजे त्या पैशातला मोठा वाटा फोन उचलला जाण्याचा आहे. आणि फोन उचलला जातो, कारण हा माणूस कधीतरी त्या वर्तुळात होता. त्या वर्तुळात त्याला पाठवलं कोणी? मतदारांनी. ती ओळख पदामुळे मिळालेली आहे, त्याची वडिलोपार्जित इस्टेट नाही. गाडी, बंगला, शिपाई हे पदाबरोबर परत करावं लागतं, मग ओळखी तेवढ्या बाजारात मांडायला मोकळ्या कशा?

ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांचं प्रकरण मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. फेब्रुवारी २०१० मध्ये, विरोधी पक्षनेते असताना, त्यांनीच जाहीर भाषणात सांगितलं होतं की पुढचा मोठा घोटाळा कॉर्पोरेट लॉबिंगचा असेल. तीन महिन्यांत ते पंतप्रधान झाले. त्यांच्याच सरकारने २०१४ मध्ये लॉबिंगचा कायदा केला. त्यात नोंदणीची सक्ती झाली ती फक्त दुसऱ्यांच्या वतीने पैसे घेऊन काम करणाऱ्या सल्लागार लॉबिस्टांवर. कंपनीच्या स्वतःच्या पगारावर असलेला माणूस तिच्यासाठी मंत्र्यांना कितीही भेटला तरी नोंदणीची गरज नाही. ही फट तेव्हाही दिसत होती, लोकांनी ती दाखवलीही होती.

२०१६ मध्ये त्यांनी पंतप्रधानपद सोडलं. माजी मंत्र्यांसाठी असलेली लॉबिंगबंदीची दोन वर्षं संपली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते ग्रीनसिल कॅपिटल या वित्त कंपनीचे सल्लागार झाले. २०२० मध्ये कोरोना आला. सरकारने कंपन्यांसाठी आणलेल्या कर्ज योजनेत ग्रीनसिलला जागा हवी होती. कॅमेरून यांनी अर्थमंत्री ऋषी सुनक यांना, अर्थखात्यातल्या अधिकाऱ्यांना मेसेज पाठवायला सुरुवात केली. खात्याच्या सर्वोच्च सनदी अधिकाऱ्याला पाठवलेल्या एका मेसेजच्या शेवटी सही आहे, "लव्ह, डीसी," म्हणजे डेव्हिड कॅमेरून. मला त्या सहीपाशी थांबावंसं वाटतं. त्याच महिन्यांत कितीतरी छोटे व्यावसायिक सरकारी फॉर्म भरून उत्तराची वाट बघत होते. त्यातल्या कोणाकडे त्या अधिकाऱ्याचा मोबाइल नंबर होता?

अर्थखात्याने मागणी फेटाळली, हेही सांगायला हवं. मार्च २०२१ मध्ये कंपनी बुडाली. नंतर लॉबिस्ट नोंदणी अधिकाऱ्यांनी निकाल दिला की कॅमेरून कंपनीचे कर्मचारी होते, त्यामुळे नोंदणी न करण्यात काही चूक नाही. संसदेच्या समितीने 'विवेकाचा लक्षणीय अभाव' एवढा ठपका ठेवला. नियम मात्र मोडलाच नव्हता, कारण नियमच तसा लिहिलेला होता. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते परराष्ट्रमंत्री म्हणून मंत्रिमंडळात परतले. समोरचा माणूस उद्या पुन्हा सत्तेत येऊ शकतो, हे मेसेज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कळत नसेल का?

तरीही माझ्या मते पद सोडल्यानंतरचं काम हा यातला कमी घातक भाग आहे. खरी कीड पदावर असतानाच लागते.

अमेरिकन काँग्रेसमधले, म्हणजे तिथल्या संसदेतले, बिली टॉझिन एका बलाढ्य समितीचे अध्यक्ष होते. ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी आरोग्य विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, औषधांचा खर्च समाविष्ट करणारं विधेयक २००३ मध्ये मंजूर करून घेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मतदान पहाटे तीनला सुरू झालं आणि बहुमत जमेपर्यंत जवळपास तीन तास चालू ठेवलं गेलं. २२० विरुद्ध २१५. त्या कायद्यात एक कलम होतं: सरकारने औषध कंपन्यांशी किमतीची घासाघीस करायची नाही. कोट्यवधी वृद्धांच्या वतीने औषधांचा खर्च उचलणाऱ्या सरकारलाच भाव करायची मनाई! जानेवारी २००५ मध्ये टॉझिन औषध कंपन्यांच्या सर्वात मोठ्या लॉबिंग संघटनेचे प्रमुख झाले.

कायदा करताना त्यांच्या मनात पुढची नोकरी होती का, हे कोणी सिद्ध करू शकत नाही. पण तशी शंका घ्यायला वाव ठेवणारी व्यवस्थाच मला मान्य नाही. ती मनाई थोडीफार उठायला २०२२ साल उजाडावं लागलं, आणि वाटाघाटीतून ठरलेले पहिले दर, तेही फक्त १० औषधांचे, जानेवारी २०२६ पासून लागू झाले. मधल्या दोन दशकांत महागडी औषधं घेणाऱ्या माणसांनी याची किंमत मोजली. लाच दिली-घेतली असती तर निदान गुन्हा तरी नोंदवता आला असता. भविष्यातल्या नोकरीची पावती नसते.

काही जण तर पद सोडायचीही वाट बघत नाहीत. ब्रिटिश खासदार ओवेन पॅटरसन यांना रँडॉक्स ही कंपनी महिन्याला ८,३३३ पौंड द्यायची, अपेक्षित काम महिन्याला १६ तास. त्यांनी या कंपनीसाठी आणि दुसऱ्या एका खाद्यपदार्थ कंपनीसाठी सरकारी यंत्रणांकडे शब्द टाकल्याचा ठपका २०२१ मध्ये संसदेच्या समितीने ठेवला आणि ३० दिवसांच्या निलंबनाची शिफारस केली. सरकारने आधी त्यांना वाचवायचा प्रयत्न केला, गदारोळ झाल्यावर दुसऱ्याच दिवशी माघार घेतली, मग त्यांनी राजीनामा दिला. पोटनिवडणुकीत मतदारांनी त्यांच्या पक्षाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा बालेकिल्ला उलथवला.

पॅटरसन यांनी आरोप नाकारले. दुधात अँटिबायोटिकचे अंश सापडत होते, लोकांच्या आरोग्याचा प्रश्न होता म्हणून आपण बोललो, असं त्यांचं म्हणणं होतं. समजा ते शंभर टक्के खरं असेल. पण दूध तपासण्याचं तंत्र विकणारी कंपनीच त्यांना दरमहा पैसे देत होती. अशा वेळी खरी कळकळही संशयास्पद होते, आणि दुधाचा प्रश्न बाजूलाच राहतो. प्रतिनिधीने विकत घेतलेल्या आवाजात खरं सांगितलं तरी ते ऐकणाऱ्याने कसं ओळखायचं?

"मग चांगली माणसं राजकारणात येणार नाहीत," असं, या कामावर बंदी मागितली की लगेच म्हणतात. ज्याला नंतरच्या कंपनीची आशा दाखवल्याशिवाय राजकारणात यायचं नाही, तो आला नाही तर नुकसान कोणाचं? माजी लोकप्रतिनिधींना सन्मानाने जगता येईल अशी पेन्शन द्या, मला चालेल, त्यासाठी कर भरायला मी तयार आहे. त्यांनी शिकवावं, लिहावं, वकिली करावी, धंदा करावा. फक्त जुन्या सहकाऱ्यांकडे पैसे घेऊन शब्द टाकू नये.

कॅनडात मंत्री आणि खासदारांना पद सोडल्यावर पाच वर्षं लॉबिंग करता येत नाही. अमेरिकेत हीच मुदत सिनेटरना दोन वर्षं आणि प्रतिनिधीगृहाच्या सदस्यांना एकच वर्ष. एका वर्षात तर फोनमधले नंबरही बदलत नाहीत. पाच वर्षं ही किमान मुदत हवी, आणि पदावर असलेल्याला अशा कामाचा एक रुपयाही घ्यायला मनाई हवी. नोंदणी लॉबिंग करणाऱ्या प्रत्येकाला लागू हवी, मग तो सल्लागार असो, कर्मचारी असो वा माजी पंतप्रधान. आणि मंत्र्याला आलेला खासगी मेसेज जर सरकारी कामाबद्दल असेल, तर त्याची नोंद महिन्याभरात जाहीर झाली पाहिजे, खाली सही कोणाचीही असो.