कॉमर्सवाल्यांनो, युनिव्हर्सिटी बदला आणि धन्य व्हा

बीबीए, बीएमएस किंवा बीकॉमच्या पुढे कंसात काहीतरी लिहिलेलं जे काय असतं ते, त्याचं पहिलं वर्ष घाटावरच्या एका युनिव्हर्सिटीत काढून सेकंड इयरला घरी ठाण्याला नाहीतर नवी मुंबईला परत यायचा विचार करताय? फारच छान. तुमच्यासारख्यांमुळेच कॉलेजसमोरचे झेरॉक्सवाले टिकून आहेत. मी यंदा हे सगळं केलंय, म्हणजे अजून करतेच आहे, आणि गेल्या आठवड्यात खिडकीतून जे उत्तर मिळालं ते ऐकून वाटलं की एवढं ज्ञान एकटीनेच दाबून ठेवणं बरं नाही. कॉलेजांची नावं घेत नाही. मला अजून तिथेच शिकायचंय.

सगळ्यात आधी कारण ठरवा. हॉस्टेल आणि मेसचा खर्च पप्पांच्या पगारात बसेना, हे खरं कारण असलं तरी सांगायचं नाही, कारण ते फॉर्मवरच्या कुठल्याच चौकोनात बसत नाही. पालकांची बदली चालते, गंभीर आजार चालतो, मुलींना लग्न चालतं. मला तर खिडकीतल्या मॅडमनी आपणहून विचारलं, "लग्न ठरलंय का गं?" नाही म्हटल्यावर त्यांचाच चेहरा पडला, आता टिक कुठे मारायची. शेवटी 'इतर'वर मारली, आणि 'इतर'च्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पुरावा जोडावा. जोडा.

मग कागद. हे तर एकदम सोप्पं. नवीन कॉलेज म्हणतं, आधी जुन्या कॉलेजची एनओसी आणि टीसी आण, मग ॲडमिशन देतो. जुनं कॉलेज म्हणतं, आधी ॲडमिशन मिळाल्याचं पत्र दाखव, मग एनओसी देतो. मायग्रेशन, म्हणजे सोडल्याचा दाखला, जुन्या युनिव्हर्सिटीचं, त्याला टीसी लागतो. एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रतेचा दाखला, नव्या युनिव्हर्सिटीची, तिला मायग्रेशन लागतं. आणि एलिजिबिलिटी आल्याशिवाय ॲडमिशन पक्की नाही, आणि ॲडमिशन पक्की नाही म्हणून रेल्वेच्या कन्सेशनचा फॉर्म नाही, म्हणजे ठाणे-वाशी लोकलने पूर्ण पैसे भरून यायचं आणि 'उद्या ये' ऐकून परत जायचं. यातून सुटायचं कसं हे ऑफिसात विचारू नका, शिपाई मामांना विचारा. चेष्टा नाही करत. प्रोव्हिजनल लेटर नावाचा एक कागद असतो, मागितला तर देतात, न मागता कोणी सांगत नाही, आणि हे आख्ख्या बिल्डिंगमध्ये फक्त त्या एका माणसाने मला सांगितलं, तेही पाण्याच्या कूलरपाशी.

फॉर्म निळ्या पेनाने भरा. काळंही जवळ ठेवा.

प्रत्येक झेरॉक्सवर ट्रू कॉपीचा शिक्का घ्या. राज्य सरकारने २०१५ सालीच स्वतःची सही चालेल असा जीआर काढलाय, पण जीआर दाखवायच्या भानगडीत पडू नका. मी दाखवला. त्यावरही ट्रू कॉपीचा शिक्का नव्हता म्हणे.

कोर्सचं नाव नीट पाठ करून जा. २०२४ मध्ये आपल्याकडे बीबीए-बीएमएसला सीईटी आली, कारण हे कोर्स एआयसीटीईच्या, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या खाली गेले, तेव्हा बऱ्याच कॉलेजांनी सीईटीची कटकट नको म्हणून रातोरात कोर्सचं नावच बदलून बीकॉम मॅनेजमेंट वगैरे करून टाकलं, तेच सर, तोच वर्ग, तेच विषय. माझं असंच होतं. आता इकडच्या बीबीएच्या खिडकीवर विचारतात सीईटीचा स्कोअर कुठाय, आणि बीकॉमच्या खिडकीवर विचारतात की हे तर सगळे बीबीएचे विषय दिसतायत, तू बीकॉमला कशी? दोन्ही खिडक्या शेजारीशेजारी आहेत. मध्ये एक मनी प्लांट आहे.

आता मुख्य गोष्ट, विषय जुळवणं. त्यासाठी पहिल्या वर्षाच्या सगळ्या विषयांचा सिलॅबस लागतो. तो युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये आहे, कोणालाही दिसतो, मॅडमच्या कॉम्प्युटरवरही दिसतो, मी त्यांना दाखवलाही. पण तो चालत नाही. तो जुन्या कॉलेजने छापून, प्रत्येक पानावर शिक्का मारून, प्राचार्यांच्या सहीने द्यायला हवा. प्रत्येक पानावर. म्हणून घाट चढा. तिकडे गेलात की प्राचार्य नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या तपासणीच्या कामात असतील, शिक्का कपाटात असेल आणि कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते रजेवर असतील, तेव्हा एखाद्या मैत्रिणीच्या रूमवर मुक्काम ठेवा. एवढं करून तो गठ्ठा खाली आणलात की मॅडम तो उघडतात, फक्त विषयांची नावं बघतात आणि म्हणतात, "बिझनेस इकॉनॉमिक्स आमच्याकडे नाहीये. आमच्याकडे मॅनेजेरियल इकॉनॉमिक्स आहे." मी म्हटलं मॅडम, आत बघा ना, पहिलं युनिट मागणी-पुरवठा, दुसरं इलॅस्टिसिटी, तिसरं उत्पादन खर्च, चौथं बाजाराचे प्रकार, तुमच्याकडेही तेच, त्याच क्रमाने. पुस्तकांची यादी तीच. अहो, यादीतल्या एका लेखकाच्या नावात जी स्पेलिंगची चूक तिकडे आहे तीच इकडे आहे! त्या म्हणाल्या, नाव वेगळं आहे ना पण.

अकाउंटिंगची मजा आणखी वेगळी. तिकडे ते मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, ४ क्रेडिटचं होतं. इकडे त्याचेच दोन तुकडे, २ क्रेडिट मेजरमध्ये आणि २ व्हीएससीमध्ये, म्हणजे व्होकेशनल स्किल कोर्समध्ये. मग म्हणे, मेजरचे दोन धरू, उरलेले दोन व्हीएससीला धरता येत नाहीत कारण व्हीएससी म्हणजे कौशल्य आणि तुझी ती थिअरी. जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, फायनल अकाउंट्स, सगळं मी हाताने लिहून पास झालेय, कौशल्य म्हणजे अजून काय करायचं, टाळ्या वाजवत लिहायचं? १४९४ मध्ये पाचोली नावाच्या इटालियन गणितज्ञाने व्हेनिसमध्ये डबल एन्ट्रीची हिशेबपद्धत पुस्तकात छापली, तेव्हापासून डेबिट डावीकडे आणि क्रेडिट उजवीकडे आहे, सगळ्या जगात. घाट उतरताना त्याची बाजू बदलत नाही हो.

आणि पर्यावरण! तिकडे पर्यावरण सेम टूला होतं, संविधान सेम वनला. इकडे उलटं. मी दोन्ही पास. तरी शेरा काय, तर 'सेम १ मध्ये पर्यावरण दिसत नाही, सेम २ मध्ये संविधान दिसत नाही'. पान उलटा ना! एक पान उलटा!

बरं, मग हे सगळं इक्विव्हॅलन्स कमिटीकडे, म्हणजे विषय सारखे आहेत का ते ठरवणाऱ्यांकडे जातं. कमिटीची मीटिंग कधी, तर सदस्य उपलब्ध झाले की. तोपर्यंत सुरक्षित राहावं म्हणून तुम्ही फर्स्ट इयरचे 'न जुळणारे' विषय एटीकेटीवाल्या, म्हणजे विषय राहिलेल्या पोरांसोबत पुन्हा द्यायला बसा, आणि फी भरा, प्रत्येक विषयाची वेगळी. मी त्याच विषयांत नापास झाले असते तरी हेच करावं लागलं असतं, आणि अभ्यासाची मेहनत तरी वाचली असती. सेकंड इयरचं टाइमटेबल आणि फर्स्ट इयरचं टाइमटेबल एकाच दिवशी आलं तर काय करायचं हेही विचारून ठेवलंय. "बघू" असं उत्तर आहे.

हे सगळं होऊ नये म्हणूनच तर यूजीसीने २०२१ मध्ये ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स काढली. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नंबर काढा, डिजिलॉकरला जोडा, जिथे शिकाल तिथले क्रेडिट्स तुमच्या खात्यात जमा, सात वर्षांपर्यंत चालणार, एका संस्थेतून दुसरीकडे न्या, वाटलं तर मध्येच थांबा, परत या. ओरिएंटेशनला आम्हाला याच्यावर तासभर पीपीटी दाखवली होती, शेवटच्या स्लाइडवर पंख पसरलेला पक्षी होता. माझे ४४ क्रेडिट्स तिथे दिसतात, आत्ताही उघडून बघितले. पण ते रुखवतासारखे आहेत, मांडून ठेवायचे, पाहुण्यांनी कौतुक करायचं, हात लावायचा नाही. "हे मोबाइलवर दिसतंय, कागदावर कुठाय?" असं मला खिडकीतून विचारलं गेलं, आणि हेच ते गेल्या आठवड्यातलं उत्तर.

अजून एक सल्ला होता, गोड बोला, हसत राहा, सोबत आईला न्या. आता नाही देत तो. कंटाळा आला मला या टोनचा.

अरे काय चाललंय काय? राज्याने २०२३ मध्ये जीआर काढून सगळ्या विद्यापीठांना एकच साचा दिला, मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस, विषयांच्या गटांची सगळी नावं सगळीकडे सारखी, वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट्स सगळीकडे सारखे, तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० सगळीकडे सारखे. तुम्ही लोक एकमेकांचा सिलॅबस समोर ठेवून आपला सिलॅबस बनवता, चुकांसकट उतरवता, आणि मग त्याच सिलॅबसमध्ये पास झालेल्या पोरांना सांगता की हा आमचा नाही? दोन्ही ऑफिसांत फोन आहे, ईमेल आहे. एक मेल टाकला असता तर दोन मिनिटांत उत्तर आलं असतं, पण तो मेल टाकायचा नाही म्हणून एकोणीस वर्षांची पोरं गठ्ठे घेऊन घाट चढतायत, उतरतायत. आमच्या फीमधून तुमच्या त्या कमिटीला चहा-बिस्किटं येतात, मग वर्षातून दोनदा बसून पाच-दहा विद्यापीठांच्या विषयांचा एक तक्ता करून ठेवता येत नाही? एकदा केला की पुढच्या वर्षीच्या पोरांना परत शून्यापासून नको. पण नाही. प्रत्येक पोरगी जणू पहिल्यांदाच कोणीतरी कॉलेज बदलतंय अशी तुमच्यासमोर उभी राहणार.

आणि मॅडम, तुमच्यावर किती खिडक्यांचं काम टाकलंय ते दिसतं मला, एका माणसाने दोन कोर्स, स्कॉलरशिप आणि बोनाफाईड सगळं करायचं हे चूकच आहे, पण त्याचा राग वरच्यांवर काढा ना, आमच्यावर का? प्राचार्यांना तर मी अजून बघितलंही नाहीये, फक्त त्यांची सही बघितलीय.

लागणाऱ्या कागदांची एक यादी दारावर चिकटवा. एकच, पूर्ण, आणि दर आठवड्याला न वाढणारी. ज्याला मेजर-व्हीएससी कळतं त्याला त्या खिडकीत बसवा. ॲडमिशन देताना लिहून द्या की कुठले विषय धरले, कुठले नाही आणि का नाही, म्हणजे नंतर थर्ड इयरला रिझल्ट अडकवून 'तुझे क्रेडिट्स कमी भरतात' असं सांगू नका, कारण तेही होतं, मागच्या बॅचच्या एका मुलाचं झालंय. आणि लंच टाइम एक ते दीड असं पाटीवर तुम्हीच लिहिलंय ना, मग दीडला खिडकी उघडा. पावणेतीनला नाही. काचेची आहे ती, आतलं सगळं दिसतं आम्हाला.