‘बाई उघडी होती म्हणून ओरड झाली, बाकी पांडित्य’ : या प्रतिक्रियेला उत्तर

आधी तुमची दुरुस्ती मान्य. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराचं ‘ऑलिंपिया’ हे नग्न बाईचं चित्र १८६३ साली लोकांसमोर आलं असं माझ्या लेखात पडलं होतं. ते रंगवल्याचं साल. पॅरिसच्या सालोनमध्ये, म्हणजे तिथल्या अधिकृत कलाप्रदर्शनात, चित्र लागलं १८६५ मध्ये. बदल केला आहे.

मुख्य आक्षेप मात्र पटला नाही. तुमचं म्हणणं असं की तेव्हाचे प्रेक्षक सोवळे होते, नग्न बाई दिसली आणि बिथरले. रंगकामाचं कारण जाणकारांनी मागाहून चिकटवलं. मग त्याच काळातल्या काबानेल या अकादमीच्या वळणाच्या चित्रकाराचं काय करायचं? १८६३ च्या सालोनमध्ये त्याचा ‘व्हीनसचा जन्म’ होता. लाटेवर पहुडलेली, डोळे अर्धवट मिटलेले, अंगावर सूत नाही. ते चित्र फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनने स्वतःसाठी विकत घेतलं. नग्नतेला हरकत नव्हतीच, फक्त ती देवीची हवी होती.

मानेने ही सबब काढून घेतली. ऑलिंपियाची बैठक सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार तिशियनच्या ‘उर्बिनोची व्हीनस’वरून घेतलेली आहे, आणि ते जाणकारांना ओळखू येत होतं. पण तिशियनकडे पायाशी कुत्रा झोपलाय, इथे शेपूट ताठ केलेली काळी मांजर. गळ्यात काळी फीत, केसांत फूल, पायात सपाता, दासीच्या हातात कुणीतरी पाठवलेला गुच्छ. ‘ऑलिंपिया’ हे नावही गणिकांना शोभणारं. ती बघते थेट समोर. म्हणजे गुच्छवाला दारात उभा आहे आणि ती जागा नेमकी प्रेक्षकाची. सहकुटुंब आलेल्या गृहस्थाला हे झोंबणारच.

आता रंगकाम, ज्याला तुम्ही पांडित्य म्हणता. अकादमीच्या, म्हणजे तेव्हाच्या सरकारमान्य कलाशिक्षणाच्या, पद्धतीत आधी पातळ तपकिरी रंगाने सावल्या मांडत, उजेडाच्या जागी पांढऱ्याचा जाड थर देत, आणि मग या दोहोंच्या मधे छटांच्या कितीतरी पायऱ्या भरत. मऊ ब्रशने सांधे पुसायचे, ग्लेझचे पारदर्शक थर द्यायचे, शेवटी व्हार्निश. ब्रशचा माग दिसता कामा नये. मानेने उजेड समोरून घेतला. समोरच्या उजेडात सावली अंगावर पसरत नाही, कडेला अरुंद पट्टीत गोळा होते. त्यात त्याने मधल्या पायऱ्या जवळजवळ गाळल्याच. म्हणून गोलाई चपटी झाली आणि कडेची करडी पट्टी सावलीऐवजी मळासारखी दिसू लागली. समीक्षकांना शवागार आठवलं ते यामुळे; कूर्बे या समकालीन चित्रकाराने तर तिला आंघोळ करून आलेली इस्पिकची राणी म्हटलं. पत्त्यावरचं चित्र, म्हणजे सपाट. चित्रकाराची नजर कुठे अडली ते एवढ्यावरून कळतं.

स्वतः पडताळून बघा. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा, फोटोतला रंग काढून टाका, डोळे किलकिले करा आणि एकेका दंडावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत किती टप्पे मोजता येतात ते पाहा. काबानेलचे मोजता मोजता हरवतात, मानेचे दोन-तीनात संपतात. छापील प्रत गडद असेल तर मात्र फसाल: मांजर पार्श्वभूमीत बुडते, दासीचा चेहराही.

तुमच्या तर्काला याहून जड जाईल असं उदाहरण कूर्बेचंच आहे. ऑर्नां या फ्रेंच गावातल्या अंत्यविधीच्या त्याच्या ‘ऑर्नांमधला दफनविधी’ या चित्रात सगळे जण गळ्यापर्यंत कपड्यांत. तरी १८५०–५१ च्या सालोनमध्ये गदारोळ झाला, कारण कॅनव्हास तीन मीटरहून जास्त उंच नि साडेसहा मीटरहून जास्त रुंद. एवढं माप राजे, संत आणि लढाया यांच्यासाठी राखलेलं. त्यावर गावचे लोक पुऱ्या मापात, रांगेत, नाकं लाल. आणि मधोमध नुसता खड्डा.

सार्जंट या अमेरिकन चित्रकाराच्या ‘मादाम एक्स’ या व्यक्तिचित्राबद्दल तुमचा मुद्दा अर्धा खरा आहे, तिथे अंगप्रदर्शनाचाच प्रश्न होता. पण केवढं? १८८४ च्या सालोनमधल्या त्या चित्रात उजव्या खांद्यावरून पोशाखाचा पट्टा घसरला होता. बाई देवी नव्हती. शीर्षकात नाव झाकूनही चित्रातल्या मादाम गोत्रोला सगळ्यांनी ओळखलं. सार्जंटने नंतर तो पट्टा खांद्यावर परत रंगवला आणि १९१६ मध्ये चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकलं. तेव्हा ‘आज बघितलं तर यात काही वावगं वाटत नाही’ असं तुम्ही लिहिता ते या दुरुस्त आवृत्तीबद्दल. घसरलेला पट्टा पाहायचा तर तेव्हाचा फोटो शोधा.